सिरियस गेला तो गेला, पुढचे भाग तरी कुलपातून काढा

मा. अध्यक्ष, मा. कार्यवाह आणि वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य यांस,
सप्रेम नमस्कार.

वाचनालयाच्या सूचना फलकावर, थकीत वर्गणीदारांच्या यादीला चिकटून, आपला एक कागद लागला आहे. ‘पालकांच्या तक्रारीवरून हॅरी पॉटर ही पुस्तकमाला (भाग १ ते ७) बालविभागातून काढून कार्यालयातील कपाटात ठेवण्यात आली आहे. बालसभासदांनी मागणी करू नये.’ खाली शिक्का आणि सही.

यातले पालक म्हणजे मी. दुसरं कोणी पुढे आल्याचं ना ग्रंथपालांना ठाऊक, ना मंडळातल्या ज्यांना मी विचारलं त्यांना. आणि मी तक्रार केलेलीच नाही. कागद चारचौघांत लागला, म्हणून हे पत्रही चारचौघांत.

झालं ते असं. बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझी खानावळ आहे. ग्रंथपालबाईंचा दुपारचा डबा माझ्याकडून जातो. डबा भरता भरता मी म्हटलं, “बाई, तुमच्या त्या पुस्तकानं आमच्या घरात सुतक आणलं. पोरगी काल जेवली नाही.” त्या हसल्या, मी हसले. ते वाक्य चहाच्या टपरीवरून फिरत फिरत मासिक सभेत पोचलं, तोवर त्याची तक्रार झाली होती. बाईंचा यात काडीचा दोष नाही. उलट ‘ती मरणाची पानं स्टेपल करून टाका’ असं सभेत कोणीतरी सुचवलं आणि बाईंनी साफ नकार दिला, म्हणून अख्खा संच कुलपात गेला, असं माझ्या कानावर आलं. खरं असेल तर बाईंचा पगार वाढवा.

ते पुस्तक म्हणजे या मालेचा पाचवा भाग. मंडळापैकी कोणीही तो वाचलेला नाही, तेव्हा कोण मेलं ते मीच सांगते. (ज्यांना अजून वाचायचं आहे त्यांनी इथेच थांबावं. पुस्तक २००३ साली आलं खरं, पण आमच्या गावात ते गेल्या गणपतीत एका चाकरमान्याच्या बॅगेतून उतरलं.)

हॅरी हा पोरका मुलगा. आईबाप तान्हेपणीच मारले गेले, मावशीच्या घरी जिन्याखालच्या फडताळात वाढला. तिसऱ्या भागात त्याला सिरियस ब्लॅक भेटतो. वडिलांचा जिवलग मित्र, हॅरीचा धर्मपिता, न केलेल्या गुन्ह्यासाठी बारा वर्षं तुरुंगात काढून पळालेला. माझ्याकडे राहायला येशील का, असं त्या पोराला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी विचारतं. पाचव्या भागात ३८ प्रकरणं आहेत. त्यातल्या ३५ व्या प्रकरणात सिरियसला मंत्राचा फटका बसतो आणि तो एका जुन्या दगडी कमानीत टांगलेल्या फाटक्या पडद्याआड पडतो. रक्त नाही, किंकाळी नाही, प्रेतही नाही. हॅरीला वाटतं, आत्ता दुसऱ्या बाजूनं बाहेर येईल. तो येत नाही. वाईट म्हणजे हॅरीला तिथे खोटं दृश्य दाखवून बोलावलेलं असतं, हा सापळा असेल असं त्याच्या मैत्रिणीनं, हर्मायनीनं, आधीच बजावलेलं असतं, आणि त्याला सोडवायला म्हणून सिरियस तिथे येतो.

माझी मुलगी बारा वर्षांची, सेमी इंग्रजीत शिकते. इंग्रजी पुस्तक शब्दकोश मांडीवर घेऊन वाचायची. त्या रात्री ती माजघरात आली आणि म्हणाली, “आये, तो खरोच मेलो काय गो?” मी काय सांगणार, मला तोवर सिरियस कोण तेच माहीत नव्हतं. सोलकढीचा पेला तिनं तसाच सरकवला. मग मी पुस्तक हातात घेतलं. खानावळ चालवणारी बाई आहे मी, वाचायला रात्र उरते, पण संच कुलपात जायच्या आत पाचवा भाग संपवला. पहिले चार तिनं भाकऱ्या थापताना मला मालवणीत सांगितले. पुढचे दोन मोबाइलवर वाचले.

आता गाऱ्हाणी.

पहिलं मी वर सांगितलंच. माझ्या नावावर जे खपवलंत ते माझं नाही. मूल पुस्तक वाचून रडलं, एवढंच मी बोलले होते. रडणं म्हणजे इजा, असा अर्थ मंडळानं काढला.

तीन दिवस मी तिला जवळून बघत होते. ती घाबरली नव्हती, चिडली होती. हॅरीवर चिडली, हर्मायनीचं ऐकलं नाही म्हणून. सिरियसवर चिडली, घरात लपून राहायला सांगितलं असताना बाहेर पडला म्हणून. लेखिकेवर तर फारच. लेखिकेनं मुलाखतीत सांगितलं आहे की त्याला मारून झाल्यावर ती स्वतः रडत स्वयंपाकघरात गेली होती, आणि मग मारू नकोस ना, असं नवरा म्हणाला होता. हे मी मुलीला सांगितलं, तर म्हणाली, “मगे आयकूचा हुता घोवाचा!” अशा मुलीला कोणापासून वाचवायचं होतं आपल्याला?

ही चीड नवी नाही. १८९३ साली कॉनन डॉयलनं शेरलॉक होम्सला धबधब्यात ढकललं तेव्हा मोठमोठी कर्ती माणसं संतापली होती, मासिकाची वर्गणी बंद केली होती. १९०३ साली डॉयलला त्याला परत आणावं लागलं. पण ते वाचकसुद्धा होम्सच्या गोष्टी कपाटात घाला असं म्हणाले नव्हते. त्यांना आणखी गोष्टी हव्या होत्या. माझ्या मुलीलाही पुढचा भाग हवा होता. ती सहावा भाग घ्यायला आली आणि फलकावरचा कागद वाचून परत गेली.

दुसरं गाऱ्हाणं हेच आहे आणि ते सगळ्यांत मोठं आहे, म्हणून त्यावर जरा जास्त लिहिते. आपण मालिका बंद केलीत ती नेमकी मरणापाशी.

सिरियस पडल्यावर तीन प्रकरणं उरतात. त्यांत काय आहे? हॅरी मुख्याध्यापकांच्या खोलीत सामान फोडतो, ओरडतो, आणि म्हातारे डम्बलडोर त्याला अडवत नाहीत. फोड म्हणतात. मग सिरियसनं दिलेला आरसा त्याला पेटीत सापडतो. त्यातून दोघांना बोलता आलं असतं, पण पोरानं तो कधी उघडूनच पाहिला नव्हता. मग तो शाळेतल्या भुताला जाऊन विचारतो, सिरियस भूत होऊन परत येईल का? भूत सांगतं, नाही येणार. शेवटी लूना नावाची मुलगी भेटते. लोक तिला वेडी समजतात. तिची आई ती नऊ वर्षांची असताना गेली. पडद्यामागचे आवाज तू पण ऐकलेस ना, एवढंच ती म्हणते, आणि हॅरीच्या छातीवरचं ओझं थोडं हलकं होतं. माणूस गेल्यावर घरात जे जे होतं ते सगळं या तीन प्रकरणांत आहे. आरडाओरडा, ‘तेव्हा असं केलं असतं तर’, खुळी आशा, आणि मग जिचं कोणी गेलेलं आहे अशा कोणाशी तरी चार शब्द.

माझ्या मुलीनं ही प्रकरणं वाचून पुस्तक परत केलं. तिच्यानंतर ते तिच्या वर्गातल्या एका मुलाकडे गेलं. त्याचं नाव लिहीत नाही. त्याचे वडील ट्रॉलरवर खलाशी होते. समुद्रातून परत आले नाहीत, सापडलेही नाहीत. घरी अनामत भरण्याची सोय नाही, म्हणून तो वाचनालयाच्याच बाकावर बसून वाचायचा, शाळा सुटल्यापासून दिवे लागेपर्यंत. ३५ वं प्रकरण त्यानं संपवलं आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक कपाटात.

मंडळींनो, पडद्याआड गेलेला आणि प्रेत न सापडलेला माणूस म्हणजे काय, हे या किनाऱ्यावर कोणी कोणाला शिकवायला नको. २००९ साली फयान वादळ आलं, त्यात गेलेल्यांची घरं आजही इथे आहेत. अशा घरांत वर्षानुवर्षं दार लोटलेलं नसतं. त्या मुलाला एका पुस्तकात पहिल्यांदा कोणीतरी भेटलं, जो त्याच्यासारखाच म्हणतो की तो पलीकडे आहे, आत्ता येईल. त्याचं पुढे काय होतं हे वाचायच्या आत आपण पुस्तक काढून घेतलंत. तो तक्रार करणारा मुलगा नाही. बाकावरून उठला आणि घरी गेला. आता येतच नाही, असं बाई सांगतात.

सहाव्या-सातव्या भागांत आणखी माणसं जातात, खोटं कशाला बोलू? सातव्यात डॉबी नावाचा छोटा, मोठ्या डोळ्यांचा जीव हॅरीला वाचवताना मरतो. हॅरी त्याचा खड्डा मंत्रानं खणत नाही. समुद्रकिनारी, हातात फावडं घेऊन, घाम गाळत खणतो. आणि मुलांनी ‘तो परत येतलो काय’ म्हणून जो प्रश्न घरोघर विचारला, त्याचं उत्तरही सातव्या भागातच आहे. ते मी सांगत नाही. ते पुस्तक आपल्या कपाटात, पावतीपुस्तकांच्या मागे आहे.

तिसरं. ठरावात ‘जादूटोणा’ असा शब्द आहे म्हणे, आणि एका सदस्यांनी सभेत २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा दाखला दिला. तो कायदा नरबळी आणि अघोरी प्रथांविरुद्ध आहे, भोंदूगिरी करून लोकांना लुबाडणाऱ्यांविरुद्ध आहे. गोष्टीतल्या छडीला तो लागत नाही. आणि जादू परकी म्हणावी तर आरवलीच्या वेतोबाला हातभर लांबीच्या चपला वाहणारे आपण, देवचार गावाची राखण करतो म्हणून त्याच्या वाटेत आडवं न झोपणारे आपण. आमच्या आजीनं आम्हाला ज्या गोष्टी सांगितल्या त्या ऐकून तर आम्ही रात्री परसात जायचो नाही. त्या आजीवर कोणी ठराव केला नाही.

दशावतार तर आपल्यातले निम्मे सदस्य स्वतः पुढाकार घेऊन आणतात. जत्रेत पालखी फिरून झाली की रात्री आख्यान सुरू होतं आणि मुलं ताडपत्रीवर सगळ्यांत पुढे असतात. चक्रव्यूहात अभिमन्यू पडतो तेव्हा रडतात, सगळेच रडतात, पखवाजवालासुद्धा कधी कधी. तेव्हा कोणी मुलांना उठवून घरी नेत नाही. फरक आहे, मला मान्य आहे. अभिमन्यू पडणार हे मुलाला आधीपासून ठाऊक असतं. शिवाय उजाडताना तोच अभिमन्यू, अर्धा रंग तोंडावर, हॉटेलात उसळ-पाव खाताना दिसतो. सिरियसचं तसं नाही. तो मरणार हे कोणाला माहीत नव्हतं आणि तो सकाळी उठून चहाला येत नाही. पुस्तकातलं मरण मुलांना जास्त लागतं ते यामुळे. म्हणून त्यांना पुढचं पान जास्त लागतं, असं माझं म्हणणं आहे.

चौथं, ‘श्यामची आई’. ज्या सदस्यांशी मी बोलले त्यांनी मला ऐकवलं की ते रडणं संस्काराचं आणि हे रडणं नुसतं मनाला लागणारं. साने गुरुजी आपल्याच कोकणातले, पालगडचे. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात बसून त्यांनी ते पुस्तक लिहिलं. शेवटी आई जाते आणि श्याम वेळेवर पोचत नाही. मी पाचवीत असताना वाचलं, उशी भिजली. आपल्या बालविभागातली त्याची प्रत मधल्या पानांतून सुटली आहे इतकी ती हाताळली गेली आहे. तिला कुलूप घाला असं कोणी म्हणत नाही, म्हणूही नये. आई गेलेल्या श्यामसाठी रडणारी मुलं चालतात, तर धर्मपिता गेलेल्या हॅरीसाठी रडणारी का चालू नयेत, याचं उत्तर मला मिळालेलं नाही.

पाचवं लहानसं आहे, पण बोचतं. दरवर्षीच्या अहवालात ‘मोबाइलमुळे बालवाचकांची संख्या घटत आहे’ हे वाक्य असतं. बारा वर्षांची मुलगी सातशेहून जास्त पानांचं इंग्रजी पुस्तक शब्दकोश घेऊन वाचते, आणि मंडळ ते काढून घेतं. तेही जूनमध्ये. १ तारखेपासून मासेमारी बंद, होड्या झापांखाली, पाऊस धो धो, वीज दिवसातून तीनदा जाणार, नेटवर्कचा पत्ता नाही. मुलांना वाचायला एवढा मोकळा वेळ वर्षात दुसरा मिळत नाही.

मंडळाची बाजूही मला दिसते. कुठलंही पुस्तक कुठल्याही वयाच्या हातात द्या असं मी म्हणत नाही. ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ नावाचं १९९६ सालचं पुस्तक आहे, ज्याला आपण नायक समजतो त्याचं डोकं पहिल्याच भागात उडवतात. ते मोठ्यांचं पुस्तक आहे, मोठ्यांच्या कपाटात असू दे, मी स्वतः मुलीला देणार नाही. हॅरी पॉटरचेही शेवटचे भाग आठ वर्षांच्या मुलाला झेपणार नाहीत. पण हे ठरवायला ग्रंथपालबाई आहेत, आम्ही पालक आहोत. कोणाला कुठला भाग द्यायचा हे बाई मुलाच्या तोंडाकडे बघून सांगतात. कुलपाला ते जमत नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

इतिवृत्तातून आणि फलकावरून ‘पालकांच्या तक्रारीवरून’ हे शब्द काढावेत. ठराव मंडळाचा आहे, मंडळानं तो आपल्या नावावर घ्यावा.

सातही भाग बालविभागात परत ठेवावेत. पाचवा भाग आजच, कारण त्याची वाट बघणारा मुलगा मी वर सांगितला. त्याच्याकडून अनामत मागू नये. हवी तर मी भरते.

यापुढे कुठलंही पुस्तक काढायचं असेल तर मंडळातल्या निदान दोघांनी ते आधी पूर्ण वाचावं, आणि कारण फलकावर लावून सभासदांना हरकत घ्यायला पंधरा दिवस द्यावेत. वाचनालय शासनमान्य आहे, सरकारी अनुदान घेतं. एवढी अपेक्षा जास्त नाही.

आणि शनिवारी दुपारी वाचनकक्ष तासभर मुलांना बोलायला द्यावा. शांतता राखा ही पाटी तेवढा वेळ उलटी करून ठेवा. त्यांना भांडू दे, सिरियसची चूक होती की हॅरीची. मला ते भांडण घरी रोज ऐकावं लागतं, निदान एक दिवस तरी तुमच्याकडे होऊ दे. मंडळातल्या कोणी येऊन बसलं तर उत्तमच, पण पाचवा भाग वाचून या. मुलं विचारतात आणि अंदाजानं दिलेलं उत्तर त्यांना लगेच कळतं.

मी वर्गणी बंद करणार नाही. रागावून निघून गेले तर आपलं काम सोपं होईल. वार्षिक सर्वसाधारण सभेत हा विषय मी मांडणार आहे, कार्यवाहांकडे तशी लेखी सूचना दिली आहे आणि पोच घेतली आहे. मला माहीत आहेत तेवढे सहा पालक येतो म्हणाले आहेत, मुलं वेगळी. गेल्या सभेला खुर्च्या कमी पडल्या नव्हत्या, कारण माणसंच नव्हती. यंदा पडतील. आदल्या दिवशी सांगा, खानावळीतल्या बाकड्या पाठवते.

आपली,
एक वर्गणीदार सभासद आणि पालक